हवामान बदलावरील उपायांचा खर्च मराठवाड्याने का सोसावा?

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की धूर इतरांनी सोडला आणि पीक मात्र आपले वाहून गेले, तर मग हवामान बदल रोखण्याचा खर्च आपल्यासारख्या कोरडवाहू भागाने का सोसावा? दुसरा आपल्या घरचा आहे: वीज उपकेंद्राजवळच्या चार एकर मुरमाड जमिनीसाठी सौर कंपनीने भाडेपट्ट्याचा प्रस्ताव दिला आहे, तो स्वीकारावा काय? शेतीची कर्जप्रकरणे तपासण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे माझे उत्तर थोडे व्याजाच्या अंगाने जाणार आहे.

प्रथम दोन खर्च वेगळे करावे लागतील. कोळसा आणि तेल कमी जाळून उत्सर्जन घटवणे हा एक खर्च, आणि बदललेल्या पावसाशी शेती, पाणी व घरे जुळवून घेणे हा दुसरा. पहिल्याबाबत आपली तक्रार रास्त आहे. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे 2 टन आहे, अमेरिकेचे सुमारे 14 टन. उद्या संपूर्ण मराठवाड्याने कोळशाची वीज वापरणे थांबवले, तरी भूम-परांड्याच्या पावसात त्याने काही फरक पडणार नाही. दुसऱ्या खर्चाचा लाभ मात्र जो करतो त्याच्याच शिवारात राहतो. चर्चेत हे दोन्ही एकत्र कालवले जातात आणि मग 'आमचा काय संबंध' असा प्रश्न दोन्हींना लावला जातो, जो फक्त पहिल्याला लागू पडतो.

काही न करणे फुकट असते, हेही खरे नाही. 2015 च्या जुलैमध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले; पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी 25 लाख लिटर आणत असे, म्हणजे 2011 च्या जनगणनेतील 3.8 लाख लोकसंख्या धरली तरी माणशी साडेसहा लिटर. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर 2025 मध्ये अतिवृष्टीने शेतातली मातीसुद्धा राहिली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर करावे लागले. हा पैसा तिजोरीतून जातो तेव्हा त्याला कोणी 'हवामान बदलाचा खर्च' म्हणत नाही, एवढेच. भारत सरकारच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत हवामान बदलामुळे शेती उत्पन्न सरासरी 15 ते 18 टक्क्यांनी, आणि कोरडवाहू भागात 20 ते 25 टक्क्यांपर्यंत घटू शकते, असा अंदाज दिला होता. कोरडवाहू भाग म्हणजे आपणच.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. लातूरच्या टंचाईचे सगळे खापर हवामानावर फोडणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नाही. मांजरा खोऱ्यात उसाला किती पाणी गेले, भूजल कोणी किती उपसले, हे प्रश्न जागतिक तापमानवाढीचे नाहीत. जलयुक्त शिवार योजनेवर 9,600 कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसे यश आले नाही, असे महालेखापालांच्या अहवालाने 2020 मध्ये म्हटले. तेव्हा उपायाच्या नावाने केलेला प्रत्येक खर्च लाभाचाच ठरतो, असे मी म्हणणार नाही.

आता अर्थशास्त्रज्ञांच्या वादाकडे येतो, कारण तो वरवर दिसतो तितका परका नाही. निकोलस स्टर्न यांनी 2006 मध्ये ब्रिटिश सरकारसाठी केलेल्या अहवालात असे मांडले की उत्सर्जन रोखण्याचा खर्च जगाच्या उत्पन्नाच्या वर्षाला सुमारे 1 टक्का येईल, आणि न रोखल्यास होणारे नुकसान किमान 5 टक्के, वाईट परिस्थितीत 20 टक्क्यांपर्यंत जाईल. विल्यम नॉर्डहाउस यांना याच विषयातील कामासाठी 2018 चे नोबेल मिळाले. उपाय हवेत हे त्यांनाही मान्य होते, परंतु ते हळूहळू वाढवावेत असे त्यांचे गणित सांगत होते. विज्ञान दोघांचे एकच होते. मतभेदाचे मोठे कारण होते भविष्यातील रुपयाची आजची किंमत कोणत्या दराने काढायची, हे. स्टर्न यांचा दर सुमारे 1.4 टक्के होता, नॉर्डहाउस यांचा 4 ते 5 टक्क्यांच्या आसपास. पन्नास वर्षांनंतर टळणाऱ्या 100 रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत 1.4 टक्क्यांनी 50 रुपये येते, तर 5 टक्क्यांनी 9 रुपयेदेखील येत नाही. पहिल्या हिशेबात आज 40 रुपये खर्च करणे शहाणपणाचे ठरते, दुसऱ्यात तो मूर्खपणा ठरतो.

हाच दर आपल्या गावातही असतो, फक्त तो विद्यापीठात ठरत नाही. वेळेवर फेडणाऱ्याला 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज राज्याच्या व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्याने पडते. एक हंगाम बुडाला, कर्ज थकले, की ती सवलत जाते, नवे कर्ज अडते आणि माणूस खासगी सावकाराच्या दारात उभा राहतो. तेथे शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला 36 टक्के, हा दर काही दुर्मिळ नाही. या दराने पाच वर्षांनंतर मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 21-22 रुपये होते. नॉर्डहाउस यांच्या 5 टक्क्यांनी एवढी घट व्हायला तीसहून अधिक वर्षे लागतात. म्हणून ठिबक संच, शेततळे किंवा बांधावरची फळझाडे कागदावर कितीही लाभाची दिसली, तरी कर्जात अडकलेला शेतकरी ती करत नाही. लोक याला अडाणीपणा किंवा उदासीनता म्हणतात; मी पाहिलेल्या प्रकरणांमध्ये तो बहुतेक वेळा अचूक हिशेब होता. ठिबकला लहान शेतकऱ्यासाठी 80 टक्के अनुदान आहे, परंतु सर्वसाधारणपणे आधी खिशातून भरावे लागते आणि अनुदान मागाहून येते. शेकडा तीनने उचललेल्या पैशावर ती प्रतीक्षाच अनुदानाचा मोठा भाग खाऊन टाकते. माझ्या मते मराठवाड्यात हवामानाशी जुळवून घेण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अनुदान वेळेवर देणे आणि एका बुडीत हंगामाने कोणाचे बँक खाते बंद पडू न देणे. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

जे उपाय एकाच हंगामात पैसे परत करतात, ते मात्र कर्जबाजारी माणसालाही परवडतात. सोयाबीन रुंद सरी वरंब्यावर, बीबीएफ यंत्राने पेरले तर अतिवृष्टीत पाणी सरीतून निघून जाते, पावसात खंड पडला तर ओल टिकते, आणि बियाणेही कमी लागते. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाड्याचे आठही जिल्हे होते आणि त्यात याचा बराच प्रसार झाला.

उत्सर्जन घटवण्याच्या बाजूनेही हिशेब बदलला आहे. राष्ट्रीय सौर मिशनच्या 2010 मधील पहिल्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला सुमारे 12 रुपये होता. 2017 मध्ये राजस्थानातील भडला येथे तो 2 रुपये 44 पैशांवर आला. सौर विजेची खरी अडचण रात्रीची आणि साठवणुकीची, परंतु शेतीपंप दिवसा चालवता येतो, त्याला बॅटरी लागत नाही. म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर नेण्यात पृथ्वी वाचवण्याइतकाच रोकडा स्वार्थ आहे: वीज सुमारे 3 रुपयांत पडते, शेतीला स्वस्तात दिलेल्या विजेचा तोटा भरून काढण्यासाठी जालन्याच्या पोलाद भट्ट्यांवर येणारा दराचा बोजा हलका होण्याची शक्यता निर्माण होते, आणि रात्री दोन वाजता विंचू-सापांतून पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला जावे लागत नाही. या शेवटच्या लाभाची किंमत कोणत्याही अहवालात मला धड मांडलेली दिसली नाही.

यातही धोका आहे. स्वतंत्र सौर पंप मिळाला की उपशाचा खर्च शून्य होतो, आणि बोअर कोरडे पडेपर्यंत तो थांबवण्याचे कारण उरत नाही. हिशेब पक्का करायचा असेल तर पंपासोबत पिकाची आणि उपशाची काही मर्यादा आलीच पाहिजे. ती कोणी घालत नाही, कारण ती मते मिळवून देत नाही.

उद्योगांबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाचा कार्बन सीमाकर, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा कर, जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला असून पोलाद, ॲल्युमिनियम आणि नट-बोल्टसारख्या काही वस्तू त्यात येतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या निर्यातदारांना उत्सर्जनाचा हिशेब आता ठेवावाच लागेल.

ज्यांनी धूर सोडला त्यांनी पैसे द्यावेत, ही मागणी सोडण्याचे कारण नाही. बाकू येथील 2024 च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. भारताने ते अपुरे म्हणून तेथेच नाकारले. परंतु त्या पैशाची वाट पाहत बीबीएफची पेरणी किंवा दिवसाची वीज लांबवण्यात आपलेच नुकसान आहे.

आता आपली जमीन. सौर कृषी वाहिनी योजनेतील भाडे हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार, म्हणजे एकरी 50 हजार रुपये, आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ असे ठरलेले आहे. मुरमाड जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल सोयाबीन आले आणि 2025-26 चा 5,328 रुपयांचा हमीभाव पूर्ण मिळाला, तरी खर्च वजा जाता याच्या जवळपास काही उरत नाही, आणि भाड्याला पावसाची भीती नाही. तेव्हा द्यावी, असेच मी म्हणेन, परंतु कंपनीने दाखवलेला दर योजनेच्या दराइतका आहे का ते आधी पाहावे. महागाई 5 टक्के राहिली तर 3 टक्के वाढीचे भाडे पंचविसाव्या वर्षी आजच्या मानाने सुमारे 62 टक्केच उरेल, म्हणून वाढीच्या दरावर घासाघीस करावी. चारही एकर एकाच सातबाऱ्यावर असतील आणि भावंडांची नावे असतील, तर सर्वांच्या सह्यांनी नोंदणीकृत करार करावा. मुदत संपल्यावर पाया व खांब काढून जमीन मोकळी कोण करून देणार, हे कलम नेमक्या शब्दांत लिहून घ्यावे. भाडेकराराच्या मसुद्यांत सर्वांत मोघम कलम बहुधा हेच असते.