अर्धं भरलेलं वर्तुळ

प्रिय,

नवजात बाळाच्या टाचेतलं रक्त जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी ज्या कागदी कार्डावर घेतो, त्यावरचं अर्धं भरलेलं वर्तुळ तसंच पाठवू की बाळाला पुन्हा टोचू, असं विचारलंस. आईच्या डोळ्यांदेखत बाळाला दुसऱ्यांदा रडवायला हात उचलत नाही, हे समजतं. तरीही पुन्हा टोच.

त्या वर्तुळातून लॅबमध्ये ३.२ मिमीची कागदाची टिकली पाडतात. तिच्यात जेमतेम ३ मायक्रोलिटर रक्त असतं. वर्तुळ पुढून लाल आणि मागून पांढरं असेल तर टिकलीत रक्त कमी, म्हणून फिनाइलअलॅनिनही (प्रथिनांतलं अमिनो आम्ल, जे फिनाइलकीटोन्यूरिया या जन्मजात आजारात रक्तात साठतं) कमी, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’. कार्ड नाकारलं तर निदान कोणीतरी फोन करतं. खोट्या ‘नॉर्मल’वर कोणीच करत नाही, आणि फिनाइलकीटोन्यूरियात गेलेली बुद्धी नंतरच्या आहारानं परत येत नाही. या बाबतीत मी हट्टी आहे. नरमाई दाखवली तेव्हाचाच पस्तावा उरलाय.

बहुतेक वेळा घाई नडते. टाच ३ ते ५ मिनिटं कोमट कापडानं शेक. स्पिरिट पूर्ण वाळू दे. टाचेखाली, तळव्याच्या कडेलाच टोच, २ मिमीहून खोल नको, मागच्या गोलाईवर तर नकोच. पहिला थेंब पुसून टाक. दुसरा चांगला मोठा होऊ दे आणि कागदाला एकदाच टेकव. मागून आरपार दिसला पाहिजे. पिळू नकोस, पिळलं की ऊतींमधलं पाणी मिसळतं. थेंबावर थेंब चढवलास तर आकडे खोटे वाढतात. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत किमान ३ तास वाळव. ओलं कार्ड पाकिटात कोंडलंस तर गॅलॅक्टोसेमियासाठी (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीराला वापरता न येणारा जन्मजात आजार) मोजायचं एन्झाइम बिघडतं. आणि गठ्ठा साठेपर्यंत थांबायचं नाही, कार्ड २४ तासांत निघालंच पाहिजे!

जन्मानंतर २४ तासांच्या आत घेतलेला नमुना असेल तर पुन्हा टोच. रक्त चढवायचं असेल तर मात्र नमुना आधी घे, नाहीतर दात्याचं एन्झाइम मोजलं जाईल.

बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर रिपोर्टची वाट पाहत बसू नकोस. डॉक्टरांना लगेच बोलाव. रक्तातला अमोनिया आणि साखर त्याच वेळी तपासायला हवी. गॅलॅक्टोसेमियाची शंका आली की आईचं दूधसुद्धा तत्काळ थांबतं.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या पायाची टाच, नवा लॅन्सेट (टोचणी), नवं कार्ड. बाळ ठीक असेल तर आईला पाजायला सांग आणि पाजतानाच टोच, कमी रडतं.