कुंडीतल्या टोमॅटोसाठी आधी माती

ताई, रोपांची घाई नको. आपल्या इंदूरची काळी माती कसदार खरी, पण कुंडीत नुसती भरली की पाणी धरून बसते आणि उन्हात तडकते. मी दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. ओलसर करून मूठ वळा, बोटानं टोचा. भुसभुशीत सुटली तर जमलं. खताला शेणाचा वास येतोय? मग थांबा. ताज्या शेणानं माझी १२ रोपं मुळाशी जळाली, अजून हळहळ वाटते. खत घरीच करा. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ च्या आधी इथंच बसवलेली इंदूर पद्धत सोपी आहे: पालापाचोळा, शेण, राख-मातीचे थर, अधूनमधून उलथणं, साधारण तीन महिने. कालवलेली माती पंधरा दिवस मुरू द्या, मगच रोप लावा.