'डॉट द आय्ज अँड क्रॉस द टीज' म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की लंडनच्या ग्राहकाने मेलमध्ये लिहिलं, 'करार झाल्यातच जमा आहे, आम्ही फक्त आय्ज डॉट आणि टीज क्रॉस करतोय', तर याचा अर्थ काय आणि आपणही असं लिहिलं तर चालेल का.

चालेल. आणि मेल वाचून काळजी करू नका. त्याचं म्हणणं एवढंच आहे की मुख्य काम संपलंय, आता शेवटचा हात फिरवणं चाललंय. अटी बदलत नाहीयेत. नावांचं स्पेलिंग, तारखा, परिशिष्टांचे क्रमांक, सह्यांच्या जागा एवढंच पुन्हा एकदा नजरेखालून जातंय.

मी कायदेशीर कागदांची भाषांतरं करते, त्यामुळे हा वाक्प्रचार माझ्या रोजच्या कानावरचा आहे. तो कुठून आला हे कळलं की वापरताना चूक होत नाही, म्हणून थोडं मागे जाते.

शाळेतली चार रेघी वही आठवा. जोडून लिहायच्या इंग्रजी अक्षरांत शब्द संपेपर्यंत पेन उचलायचं नाही, हा नियम. 'इन्स्टिट्यूशन' हा शब्द इंग्रजीत लिहून पाहा. त्यात तीन आय आहेत आणि तीन टी. शब्द पुरा झाला तरी आयवर टिंब नाही आणि टीला आडवी रेघ नाही. मग हात मागे न्यायचा, तीन टिंबं द्यायची, तीन रेघा मारायच्या, तेव्हा शब्द खरा लिहून झाला. (आपण बाळबोधीत शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ ओढतो, तसंच काहीसं. मोडीत मात्र उलटं, आधी रेघ आखायची आणि अक्षरं तिला टांगायची.)

आता हे टिंब तिथे का आलं? मध्ययुगातल्या युरोपातल्या हस्तलिखितांत एक जाडी, टोकदार लिपी होती. तिच्यात आय, एन, एम, यू ही सगळी अक्षरं एकाच छोट्या उभ्या दांड्याची बनलेली. आयचा एक दांडा, एन आणि यूचे दोन-दोन, एमचे तीन. 'मिनिमम' लिहिलं की ओळीने पंधरा दांडे, सगळे सारखे. कुठलं अक्षर कुठे संपलं ते कळायचंच नाही. म्हणून नकलनवीस आयच्या डोक्यावर बारीकशी रेघ देऊ लागले, आणि पुढे तिचं टिंब झालं. म्हणजे ते टिंब नटवण्यासाठी आलेलं नाही, वाचता यावं म्हणून आलंय. मला या वाक्प्रचारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

त्या टिंबाला इंग्रजीत 'टिटल' असा स्वतंत्र शब्द आहे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये 'वन जॉट ऑर वन टिटल' असं येतं. मराठी पवित्र शास्त्रात त्याच ठिकाणी काना, मात्रा हे शब्द आहेत. मला ते भाषांतर फार आवडतं, कारण 'कानामात्रेचाही फरक नाही' असं आपण सहज बोलतो आणि त्याचं वजन तेवढंच असतं.

आमच्या कामातलं एक उदाहरण सांगते. एका मृत्युपत्रात दोन भावांचा उल्लेख होता आणि पुढे 'त्यांच्या वारसांना' असं होतं. टाइप होऊन आलेल्या प्रतीत ते 'त्याच्या वारसांना' झालं. एक अनुस्वार गळला आणि एका भावाची मुलं कागदावरून पुसली गेली. शेवटच्या वाचनात ते सापडलं. मग आम्ही सर्वनामच काढून दोघांची नावं घातली, कारण 'त्यांच्या' हे आदरार्थी एकवचनही होऊ शकतं. आय्ज डॉट करणं म्हणतात ते हेच.

म्हणून सजावटीसाठी हा वाक्प्रचार वापरू नका. लग्नाचा हॉल तयार आहे, वर फुलांच्या माळा सोडायच्यात, तिथे तो शोभत नाही. आधीच छान असलेल्या गोष्टीत आणखी भर पडली तर 'आयसिंग ऑन द केक' म्हणतात, आणि गरज नसताना सजावट केली तर 'गिल्ड द लिली'. जर्मन लोक मात्र आयवरचं टिंब म्हणतात तेव्हा त्यांना ती केकवरच्या आयसिंगसारखी शेवटची बहार अभिप्रेत असते. फ्रेंचमध्ये आयवर टिंब देणं म्हणजे एखाद्याला स्पष्ट शब्दांत, संदिग्धता न ठेवता सांगणं. टिंब एकच, पण इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच तिघींचा अर्थ निराळा, तेव्हा पॅरिसच्या ग्राहकाला लिहिताना जपून.

लिहिताना आय आणि टी छोटी अक्षरं काढा आणि पुढे अपॉस्ट्रॉफी देऊन एस लावा. अपॉस्ट्रॉफी विसरलात तर आयपुढचा एस मिळून 'इज' असं वाचलं जातं. आधी आय की आधी टी, दोन्ही चालतं. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना वाक्यात 'जस्ट' घातलं की ते सहज वाटतं, 'वी आर जस्ट डॉटिंग द आय्ज अँड क्रॉसिंग द टीज'. पण साहेबांना किंवा ग्राहकाला 'डॉट युअर आय्ज' असं लिहू नका, ते 'नीट काम करा' असं बजावल्यासारखं लागतं. एखाद्याचं कौतुक करताना मात्र खुशाल वापरा, 'शी डॉट्स एव्हरी आय' म्हणजे तिच्या हातून काही सुटत नाही.

तुमच्या मेलला उत्तर म्हणून सावकाश होऊ द्या असं कळवा आणि सहीपूर्वी अंतिम प्रत मागून घ्या. ती आली की आकडे, बँक खात्याचा क्रमांक आणि कंपनीचं पूर्ण नाव मूळ कागदाशी स्वतः ताडून पाहा. त्यांच्या बाजूची टिंबं ते बघताहेत, तुमच्या बाजूची तुम्हालाच बघावी लागतील.