तांबड्या पुलापाशी

प्रश्न : माझ्या आईचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. 1945 साली ते इंडोनेशियात सुराबायाला होते, एवढंच घरात माहीत आहे. लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त फराळाचं ताट समोर आलं की कधीतरी म्हणायचे, ‘तांबड्या पुलापाशी पोरं गेली, दिवाळी तोंडावर होती,’ आणि उठून जायचे. येत्या नोव्हेंबरात मी आईला घेऊन सुराबायाला जाते आहे. आई 71 वर्षांची आहे, शाकाहारी आहे. हा पूल खरंच आहे का? आणि तिथल्या लोकांना आजोबांबद्दल सांगावं की गप्प बसावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, पूल आहे. आजोबांनी त्याचं नावसुद्धा बरोबर सांगितलं. ‘जंबातान मेराह’ म्हणजे शब्दशः तांबडा पूल. सूतगिरणीच्या यंत्रांच्या कामासाठी माझी सहा वर्षं सुराबायात गेली. त्यातली पहिली दोन वर्षं मी या पुलावरून रोज जायचो, आणि तिथं आपली माणसं पडली आहेत हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत कुणी शिकवलंच नाही.

आधीच सांगतो, पूल बघून आईचा हिरमोड होईल. लांबी-रुंदी बेताची, कठडे लाल रंगवलेले, खाली कालीमास नदीचं गढूळ पाणी. तिच्या नावाचा अर्थ मात्र सोन्याची नदी! डच काळात नदीच्या पश्चिमेला गोऱ्यांची वस्ती, पूर्वेला चिनी आणि अरब. आजही पुलावर उभं राहिलं की एका हाताला डचांच्या जुन्या पेढ्या आणि दुसऱ्या हाताला केंबांग जपुन रस्त्यावरची चिनी दुकानं दिसतात.

पश्चिमेच्या बाजूला ‘इंतरनाशियो’ नावाची जुनी व्यापारी इमारत आहे. आईला तिथं घेऊन जा. समोरच्या बागेचं नाव तामान जायेंगरोनो. त्यात ‘जय’ आहे आणि ‘रण’ही आहे, जावानीज माणूस ‘अ’चा ‘ओ’ करतो, एवढंच. त्या बागेत बसायला जागा आहे. तिथं बसून आईला पुढचं वाचून दाखवा.

17 ऑगस्ट 1945 ला इंडोनेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. जपानी हरले होते, डचांना परत यायचं होतं, आणि मधल्या काळात बंदोबस्ताला इंग्रजांनी पाठवलं ते आपल्या पलटणींना. 25 ऑक्टोबरला 49 वी ब्रिगेड सुराबायाच्या बंदरात उतरली. तिच्यात राजपुताना रायफल्सची एक बटालियन होती आणि मराठ्यांच्या दोन, चौथी आणि सहावी. तिचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी यांनी स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला. दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांच्या हुकमानं विमानातून पत्रकं पडली की हत्यारं खाली ठेवा. ज्यांच्याशी काल हात मिळवला त्यांनाच आज ही धमकी! आपली माणसं तेव्हा शहरभर लहान लहान तुकड्यांत विखुरलेली होती. 28 तारखेला सगळं शहर त्यांच्यावर उठलं. कित्येक ठाण्यांवर काडतुसं संपली आणि माणसंही संपली.

युद्धबंदीसाठी इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना विमानानं आणावं लागलं. 30 तारखेला संध्याकाळी इंतरनाशियोला जमावानं वेढा घातला होता. आत सहाव्या मराठाची एक कंपनी अडकली होती. जमावाला समजवायला मॅलबी मोटारीतून पुलाजवळ आले, गोळीबार झाला आणि ते तिथंच मारले गेले. पहिली गोळी कुणाची, यावर अजून वाद आहे. 10 नोव्हेंबरला इंग्रजांनी जमीन, समुद्र आणि आकाश अशा तिन्ही बाजूंनी शहरावर हल्ला केला. लढाई सुमारे तीन आठवडे चालली.

त्या साली दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली होती. म्हणजे आजोबांचं ‘तोंडावर’ अगदी नेमकं आहे. आणखी एक तारीख ध्यानात ठेवा. 5 नोव्हेंबरला दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेचा खटला उभा राहिला. नेहरू तेव्हा जाहीरपणे विचारत होते की दुसऱ्याचं स्वातंत्र्य चिरडायला आमची फौज कशाला? अशा दिवसांत गावी परतलेल्या शिपायानं पारावर बसून काय सांगायचं? आजोबा ताटावरून का उठायचे, याचं उत्तर मला तरी इथं सापडतं.

आता तुमचा खरा प्रश्न. सांगा. पण जागा आणि दिवस बघून सांगा. 10 नोव्हेंबर हा तिथं ‘हारी पहलावान’, वीरांचा दिवस. आपला पैलवान आणि त्यांचा पहलावान हे सख्खे भाऊ, दोघेही फारसीतून आलेले. त्या दिवशी वीरस्मारकापाशी सोहळा असतो, घरोघरचे मेलेले आठवलेले असतात. तिथं जाऊन आपल्या आजोबांची ओळख करून देऊ नये. दोन दिवसांनी पुलापाशी, चहाच्या टपरीवर, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सांगा : ‘काकेक साया तंतारा इंदिया, दी सिनी, 1945.’ माझे आजोबा हिंदी शिपाई होते, इथंच.

तो विचारेल, ‘गुरखा?’ तिथल्या लोकांच्या बोलण्यात इंग्रजांबरोबर आलेला प्रत्येक सावळा शिपाई गुरखाच असतो. आमच्या गिरणीतल्या फोरमननेही मला हेच विचारलं होतं. त्याचा बाप सतराव्या वर्षी टोकदार बांबू घेऊन त्या गर्दीत होता. मी म्हटलं, गुरखा नव्हे, मराठा. त्यानं माझ्याकडून तो शब्द सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला, बापाला दाखवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं बापाचा निरोप आणला : ‘त्यांना विचार, तेव्हा तुम्हीही गुलामच होता ना?’ मी हो म्हटलं. त्यानंतर मी तिथं असेपर्यंत हा विषय आमच्यात निघाला नाही, पण दर ईदला त्याच्या घरून डबा यायचा.

खाण्याचं थोडक्यात. ‘पेतिस’ या शब्दापासून आईला जपा; ती कोळंबीची काळी चटणी, आणि सुराबायात ती कशावरही पडते. ‘तान्पा पेतिस’ म्हणजे पेतिस नको. पचल मागवा : उकडलेल्या भाज्या, मोड आलेले मूग, वर शेंगदाण्याची तिखट चटणी. कराडच्या माणसाला परकं वाटणार नाही. त्यातही कोळंबीचा अंश असू शकतो, म्हणून विचारून घ्या. रुजाक चिंगुर नाव गोड वाटलं तरी मागवू नका, त्यात गाईचं नाक असतं.

पुलावरून उत्तरेला अंपेलची अरब वस्ती फार लांब नाही. सुनान अंपेल या मुस्लिम संतांची 1421 ची म्हणून सांगितली जाणारी मशीद तिथं आहे. दर्ग्याच्या गल्लीत खजूर, अत्तर, लुंग्या यांची दुकानं. सायकलरिक्षानं, म्हणजे बेचाकनं, जा आणि डोक्यावरून ओढणी घ्या. फिरायला सकाळी सातची वेळ बरी. पावसाच्या आधीचं ऊन तिथं आपल्या मे महिन्यासारखं असतं, आईसाठी छत्री न्याच.

निघण्याआधी एक करा. आजोबांचं पेन्शनचं पुस्तक किंवा पदकं घरात असतील तर शोधा. पदकाच्या कडेवर नंबर कोरलेला असला तर तो घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. चौथी की सहावी, हे कळलं तर मला जरूर कळवा. सहावी निघाली, तर इंतरनाशियोच्या कोणत्या खिडक्या पुलाकडे उघडतात ते मी नकाशा काढून पाठवतो.