बायस टेप मेकरमधून (तिरक्या पट्टीच्या कडा आत दुमडून देणारं छोटं साधन) पट्टी एका बाजूला सरकते, घडी मधोमध येत नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक मेकरची नसते, पट्टीच्या रुंदीची असते. १८ मिमीच्या मेकरला साधारण ३५ मिमी रुंद पट्टी लागते. ३० ची घातलीत तर कडा आत नीट वळतच नाहीत. आणि पट्टी पक्की उरेब हवी, ४५ अंशांत कापलेली. अंदाजे तिरकी कापली की गळ्याच्या गोलाईवर ती पिळवटते.

पट्टीचं टोक तिरकं कापा, उलटी बाजू वर ठेवून आत सरकवा आणि वरच्या फटीतून टाचणीने पुढे ढकला. बाहेर आलेलं टोक इस्त्रीच्या कापडाला टाचून टाका. आता मेकर हळू मागे ओढा आणि इस्त्री अगदी त्याच्या पाठीला लावून न्या. बोटभर जरी अंतर राहिलं तरी घडी उघडते. मी पहिले दोन मीटर असेच वाया घालवले. दोन पट्ट्यांच्या जोडावर अडकत असेल तर शिवणीच्या कडा दोन बाजूंना उलगडून इस्त्रीने दाबा, जास्तीचं कापड छाटा.

सरावाला सुतीच घ्या, पॉलिएस्टरवर घडी टिकत नाही. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात साधं सुती अस्तर मागा, अर्धा मीटर पुरे. पावसाळ्यातल्या दमट हवेत कापड मऊ पडतं, तेव्हा आधी हलकी खळ द्या.