क्रिएटिनिन नॉर्मल, मग ईजीएफआर कमी का?

प्रश्न : माझे वय ७० असून मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी बरीच वर्षे चालू आहे. गुडघे दुखू लागले की औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेते. मधुमेह नाही. नुकत्याच केलेल्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ म्हणजे नॉर्मल आले. पण त्याखालीच ईजीएफआर ५४ असे लिहून खूण केली आहे. घरातले सगळे म्हणतात की हे वयाचे आहे. खरे काय समजावे?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत. क्रिएटिनिन हे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात असे टाकाऊ द्रव्य आहे. ते स्नायूंमध्ये तयार होते आणि वयाबरोबर स्नायू घटतात, त्यामुळे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता बरीच कमी झाली तरी रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल मर्यादेतच राहू शकते. ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज; तो काढताना क्रिएटिनिनबरोबर वय आणि स्त्री-पुरुष भेद हिशेबात धरतात. हेच १.१ क्रिएटिनिन तीस वर्षांच्या पुरुषाचे असते, तर त्याचा ईजीएफआर ९० च्या वर आला असता. म्हणून उतारवयात केवळ क्रिएटिनिन पाहून निश्चिंत होऊ नये.

आता वयाविषयी. चाळिशीनंतर ही क्षमता दर वर्षी साधारण एक अंकाने घटते, हे सरासरी म्हणून खरे आहे. परंतु अमेरिकेत बाल्टिमोर येथे अनेक वर्षे चाललेल्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश व्यक्तींमध्ये वयाबरोबर अशी घट आढळलीच नव्हती. त्यामुळे ‘वयाचे आहे’ असे म्हणून प्रश्न मिटवणे मला पटत नाही. वय बदलता येत नाही, पण त्याच्या जोडीने मूत्रपिंडांवर भार टाकणाऱ्या बहुतेक गोष्टी बदलता येतात, आणि आपल्या पत्रात त्यांपैकी एक ठळकपणे दिसते.

ती म्हणजे डायक्लोफेनॅक. मूत्रपिंडातील गाळणीकडे रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी शरीर काही रसायनांच्या साह्याने मोकळी ठेवते. डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच रसायने तयार होऊ देत नाहीत. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर पडणारी वाहिनी सैल करते, तर हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातील पाणी आणि मीठ लघवीवाटे कमी करते. यांतील प्रत्येक औषध योग्य ठिकाणी उपयुक्त आहे. मात्र तिन्ही एकत्र आली आणि त्यात ग्वाल्हेरचा मे-जूनचा उन्हाळा, पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे तापमान, लू, घाम किंवा जुलाब-उलट्या यांची भर पडली, तर गाळणीतील दाब एकाएकी उतरून मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अशा आघातातून माणूस सावरला तरी पूर्वीची सगळी क्षमता परत मिळेलच असे नाही.

म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी बंद करावी. दुखणे सोसत बसावे असा याचा अर्थ नव्हे : योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन जास्त असल्यास ते उतरवणे आणि काठीचा आधार यांनी पुष्कळ आराम मिळतो. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून मुळीच बंद करू नये, कारण अनियंत्रित रक्तदाब हाच मूत्रपिंडांचा मोठा शत्रू आहे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ती काही दिवस थांबवायची का, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे आणि सोबत लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) व क्रिएटिनिनचे गुणोत्तर अवश्य करून घ्यावे. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. पण सत्तरीत ईजीएफआर पन्नाशीत स्थिर असेल आणि हे गुणोत्तर ३० च्या आत असेल, तर त्याला आजार म्हणावे की नाही याबद्दल तज्ज्ञांतही मतभेद आहेत. लघवीवाटे अल्ब्युमिन जात असेल तर मात्र तेवढ्याच ईजीएफआरला धोका अधिक असतो.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना जुना मधुमेह आहे. अंगावर सूज नाही, लघवीही भरपूर होते, म्हणून ते तपासणीला नकार देतात. एका परिचिताने किडनी साफ करणारे भस्म दिले आहे. ते द्यावे का?

उत्तर : भस्म देऊ नये. अशा काही भस्मांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळलेले आहे, आणि ही द्रव्ये मूत्रपिंडांनाच इजा करतात.

सूज नाही आणि लघवी भरपूर आहे, यावरून काहीही सिद्ध होत नाही. बरीच क्षमता गेल्यानंतरच लक्षणे दिसू लागतात. मधुमेह असलेल्या व्यक्तीने लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी दर वर्षी करावी, आणि साध्या लघवी तपासणीत सुरुवातीचे अल्प प्रमाण निसटू शकते म्हणून ती गुणोत्तराचीच असावी. अल्ब्युमिन आढळल्यास डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे मूत्रपिंडांची घसरण मंदावतात. ती वडिलांना योग्य आहेत का, हे डॉक्टर ठरवतील. बिडी-सिगारेट ओढत असतील तर सोडावी. दिवसभरातील एकूण मीठ एका लहान चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत असावे. सकाळच्या बेडई-कचोरीतील आणि जेवणातील पापड-लोणच्यातील मीठही यात मोजावे. त्याऐवजी बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडे अशक्त असल्यास ते रक्तात साचते.

वडिलांना एक गोष्ट मुद्दाम विचारावी : लघवीची धार बारीक झाली आहे का आणि रात्री वारंवार उठावे लागते का? वारंवार उठणे मधुमेहामुळेही असते, पण या वयात वाढलेल्या प्रोस्टेटमुळे (मूत्राशयाखालच्या पुरुषांतील ग्रंथीमुळे) मूत्राशय पूर्ण रिकामे न होता मागे दाब साचतो आणि मूत्रपिंडे हळूहळू सुजतात. लघवीनंतर किती मूत्र शिल्लक राहते हे सोनोग्राफीत कळते, आणि अडथळा वेळेवर दूर झाला तर त्यामुळे घटलेली क्षमता पुष्कळदा बऱ्याच अंशी परत मिळते.