वाचकांचे प्रश्न : परदेशातील खर्च आणि कार्डावरचा परतावा

प्रश्न : परदेशातील हॉटेलचे 400 युरो मी क्रेडिट कार्डाने आगाऊ भरले होते. बेत बदलल्यामुळे आरक्षण मुदतीत रद्द केले आणि हॉटेलने पूर्ण 400 युरो परत केल्याचे कळवलेही. तरीही कार्डावर जमा झालेली रक्कम कापलेल्या रकमेपेक्षा बरीच कमी आहे. तक्रार कोणाकडे करावी?

उत्तर : हॉटेलकडे तरी नको, कारण त्याने 400 युरो घेतले आणि तेवढेच परत केले. रिफंड म्हणजे जुना व्यवहार पुसून टाकणे, असे आपण धरून चालतो. कार्डाच्या हिशेबात मात्र तो उलट्या दिशेने झालेला नवा व्यवहार असतो आणि त्याला नवा भाव लागतो. समजा, पैसे भरताना एका युरोचा भाव आपल्या चलनात 90 होता आणि बँकेचे परकीय चलन शुल्क 3 टक्के होते, तर आपल्या नावावर 36,000 अधिक 1,080, असे 37,080 पडले. रिफंडच्या वेळी भाव 88 झाला असेल, तर परत येतात 35,200. तुटीच्या 1,880 पैकी 800 भावाने नेले. त्याबद्दल कोणाशी भांडण्यात अर्थ नाही, कारण भाव चढला असता तर तोच फरक आपल्या पदरात पडला असता. उरलेल्या 1,080 बद्दल मात्र बँकेला जरूर विचारावे. काही बँका रिफंडबरोबर हे शुल्कही परत करतात, काही करत नाहीत, आणि कार्डाच्या अटींमध्ये ते लिहिलेले असते.

रिफंड येणार म्हणून बिल भरायचे थांबू नये, हे त्याहून महत्त्वाचे. रिफंड देय तारखेपर्यंत जमा होईलच असे नाही, आणि देय तारीख चुकली की विलंब शुल्क आणि व्याज लागते. रक्कम आलीच नाही, तर विक्रेत्याकडून त्या परताव्याचा एआरएन, म्हणजे 23 अंकी संदर्भ क्रमांक, मागून घ्यावा. त्यावरून बँकेला शोध घेता येतो. आणि चुकीची रक्कम काउंटरवर असतानाच लक्षात आली, तर रिफंडऐवजी व्यवहार ‘व्हॉइड’ करायला सांगावे. दिवसाचा हिशेब बँकेकडे जाण्याआधी तो रद्द झाला, तर भावाचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही.

प्रश्न : कार्ड लावल्यावर यंत्रावर दोन रकमा दिसतात, एक तिथल्या चलनात आणि एक आपल्या. कोणती निवडावी?

उत्तर : तिथल्या चलनातली. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा असल्याने बोट तिकडेच वळते, पण ही ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ नावाची सोय आहे आणि तिच्यात भाव आपली बँक किंवा कार्ड कंपनी नव्हे, तर विक्रेत्याच्या बाजूची यंत्रणा ठरवते. तो भाव बहुधा महाग असतो, आणि काही बँका त्यावर परदेशी व्यवहाराचे शुल्क पुन्हा लावतात ते वेगळेच. एटीएमही हाच प्रश्न विचारते; तिथेही रूपांतर नाकारावे, पैसे मिळतातच. मात्र ते क्रेडिट कार्डाने काढू नयेत, कारण रोख रकमेवर सामान्यतः पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते.

प्रश्न : हॉटेल सोडून आठवडा झाला, तरी अनामत अडकलेली आहे. ती बुडाली का?

उत्तर : नाही. ती रक्कम सहसा कापलेली नसते, नुसती रोखून धरलेली, म्हणजे ‘होल्ड’वर असते, आणि हॉटेलने मोकळी केल्यावरही बँकेला काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डावर त्यामुळे खर्चाची मर्यादा तेवढी कमी होते, तर डेबिट कार्डावर खात्यातलेच पैसे अडकतात. म्हणून अनामतीसाठी क्रेडिट कार्डच पुढे करावे आणि निघताना अंतिम बिलाची प्रत मागून घ्यावी.